हबशी ते व्हिओनिए : पुणे जिल्ह्यातल्या वाइन-द्राक्षाचा मागोवा

पाटस सोडून बारामतीच्या रस्त्याला लागलं की रोटी घाट चढावा लागतो. घाट म्हणायला तो लहानसाच. पण आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम उरकून याच चढाने उंडवडी गवळ्याचीकडे जाते, म्हणून वारकऱ्यांना तो पाठ. एरवी दौंड तालुक्याचा हा दक्षिणेकडचा कोपरा कोणाच्या खिजगणतीत नसतो. उत्तरेला भीमेकाठी ऊस, कालव्याच्या पाण्यावर पुन्हा ऊस, आणि इथे मात्र मुरमाड माळ. पर्जन्यछायेतला मुलूख, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. या माळावर २००६ नंतर सुमारे ३०० एकरांच्या मळ्यात द्राक्षवेली उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मधोमध फ्रान्सच्या सरदारांना शोभेल अशी भली थोरली इमारत. विजय मल्ल्यांच्या यूबी समूहातल्या युनायटेड स्पिरिट्सने उभी केलेली ही ‘फोर सीझन्स’ वायनरी.

इथल्या द्राक्षांची नावं वाचावीत : शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, व्हिओनिए, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, झिनफंडेल. यातलं एकही नाव दौंडचं नाही, महाराष्ट्राचं नाही, भारताचंही नाही. पुणे जिल्ह्यात द्राक्ष काही काल-परवा आलेलं नाही. मग रोटीच्या पेल्यात या मातीतलं जुनं द्राक्ष का नाही, याचं उत्तर शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं.

दख्खनच्या द्राक्षाचा नावानिशी उल्लेख मिळतो तो चौदाव्या शतकात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तुघलकांच्या दौलताबादेत आला तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात याची त्याने नोंद केली. ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. इराणात किंवा फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपते. पानं गळतात, नुसती काडी उरते आणि वसंतात ती पुन्हा जागी होते. दख्खनमध्ये वेलीला झोप नाही. छाटलं की फुटते. आजही आपला बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. पहिली काडी तयार करण्यासाठी, दुसरी फळासाठी. वाइनच्या द्राक्षालाही हेच वेळापत्रक लागू. रोटीची वेल घड देते तो जानेवारी ते मार्च. तेव्हा युरोपातली तिची बहीण बर्फाखाली पडलेली असते.

दौलताबादेहून नगर, शिरूरमार्गे पुण्याला येणारा रस्ता जुना. द्राक्षाच्या काड्या नेमक्या त्याच रस्त्याने आल्या असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण नाशिक, जुन्नर, पुणे या पट्ट्यात इंग्रजी अमलापर्यंत काही जाती चांगल्या मुरल्या होत्या. हबशी, फकडी, भोकरी, काळी साहेबी, पांढरी साहेबी. सगळी बियांची. वेल चढवायची ती पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर. भोकरी भरपूर धरायची पण टिकायची नाही. पांढरी साहेबी खायला उत्तम, पण धरायला कंजूष. ही सगळी खायची द्राक्षं होती. त्यांची बाजारात खपणारी वाइन झाली नाही. दारू हवी असेल तर मोह होता, ताडी होती, गूळ होता, आणि ते सगळं द्राक्षापेक्षा स्वस्त होतं.

वाइन पिणारे लोक मात्र याच भागात येऊन राहिले होते. शिरूर, म्हणजे घोडनदी, ही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची महत्त्वाची छावणी. कोरेगाव भीमाच्या लढाईला गेलेली तुकडी ३१ डिसेंबर १८१७ ला इथूनच निघाली. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या मेजावर त्या काळात मदिरा बेटावरची वाइन असे. बोर्दोची लाल क्लॅरेट असे. जहाजाच्या पोटात महिनोन् महिने उकाडा सोसून आलेली मदिरा उलट अधिक चांगली लागते असा तेव्हा समज होता, आणि तो खोटा नव्हता. हे सगळं मुंबईच्या बंदरातून घाट चढून यायचं. याच छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याच्या कबरीला शिरूरच्या आसपासचे लोक सत्पुरुष म्हणून मानू लागले, धान्य वाहू लागले. शिरूरने गोऱ्या साहेबाला नैवेद्य दाखवला, पण त्याच्या वाइनची वेल लावली नाही.

लावायची तर ती कोणी लावायची? पुढचं उत्तर पुण्यातल्या सरकारी बागेत सापडतं. गणेशखिंडीच्या बागेत आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फळझाडांवर जे काम झालं, त्यात डॉ. जी. एस. चीमा हे नाव पहिलं. पांढऱ्या साहेबीच्या बियांपासून आलेल्या रोपांतून त्यांनी एक निवडलं : ‘सिलेक्शन ७’. पुढे ते ‘चीमा साहेबी’ म्हणून ओळखलं गेलं. आईची चव बरीचशी राखून ते जास्त धरायचं. पुणे जिल्ह्याच्या मातीत निवडून वाढवलेलं, पुण्याच्या माणसांनी पारखलेलं असं हे द्राक्ष. पन्नाशीच्या दशकात जुन्या बागांत त्याचा दबदबा होता.

तो टिकला नाही. आधी हैदराबादकडून अनाब-ए-शाही आली, टपोऱ्या मण्यांची, भरघोस. मग थॉमसन सीडलेस. हिचं मूळ गाव पश्चिम आशियात, तिथे ती सुलताना, किशमिश. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने ती तिथे वाढवली आणि त्याचंच नाव तिला चिकटलं. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० च्या सुमारास उभा राहिला, आणि त्याच पिढीने थॉमसनला डोक्यावर घेतलं. यानंतरची तीस-चाळीस वर्षं म्हणजे महाराष्ट्राच्या शेतीतल्या मोठ्या पराक्रमांपैकी एक. तासगावच्या बागेत थॉमसनच्या वेलीत वेगळी फांदी दिसली, तिची तास-ए-गणेश झाली. सोलापूरजवळच्या नान्नजला लांब मण्यांची सोनाका निघाली; काळ्या किशमिशीतून शरद सीडलेस निघाली. विद्यापीठात नव्हे, बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या नजरेने. श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने ती नजर घडवली.

पण ही नजर एकाच दिशेने बघत होती. मणी मोठा हवा, लांब हवा, साल पातळ हवी, बी नको. लांबी-फुगीसाठी जिब्रेलिक ॲसिडमध्ये घड बुडवायचे, मणी विरळ करायचे. लंडनच्या दुकानात आणि दादरच्या हातगाडीवर हेच खपतं. वाइनला नेमकं याच्या उलट लागतं. मणी बारीक, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. साल जाड, कारण रंग आणि तुरटपणा तिच्यात. बीही चालते. घड कमी आणि आटोपशीर, नाहीतर रस पाणचट. खाण्याच्या द्राक्षाला साखर १७–१८ ब्रिक्स उतरली की बाजार खूश. वाइनला ती २२–२४ पर्यंत न्यायची आणि तोवर आंबटपणा संपू द्यायचा नाही, ही कसरत. दौंडच्या फेब्रुवारीत दुपारी ऊन तापायला लागलं की आंबटपणा भराभर उतरतो. म्हणून तोडणी पहाटे.

साहेबी, फकडी, हबशी या बियांच्या, सालीच्या द्राक्षांमधून कोणीतरी वाइनसाठी निवड करायला हवी होती, त्याच वेळी आपण बी काढून टाकायच्या मागे होतो. बागाईतदाराला दोष देता येत नाही. त्याला कर्ज फेडायचं होतं. पण त्या जाती आज असल्याच तर संशोधन केंद्रांच्या संग्रहात, शेतात नाहीत.

वाइनचा धंदा म्हणून पुणे जिल्ह्यात पहिला मोठा डाव टाकला तो शामराव चौगुले यांनी, शिरूरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला. १९८० च्या दशकात त्यांच्या इंडेज कंपनीने शॅम्पेनच्या पायपर-हाइडसिक घराण्याचं तंत्रसाहाय्य घेतलं आणि फसफसणारी वाइन काढली. इंग्लंडात ती ‘ओमर खय्याम’ नावाने गेली आणि तिकडच्या समीक्षकांना तोंडात बोट घालायला लावलं. हिमालयाच्या नव्हे, सह्याद्रीच्या पायथ्याची शॅम्पेन! तिच्यात शार्दोने, उन्यी ब्लाँ या फ्रेंच जाती होत्या, आणि जोडीला आपली बाजारू थॉमसनसुद्धा. इंडेजच्या वाइनमध्ये आणखी दोन नावं दिसायची : अर्कावती आणि अर्का श्याम. बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने घडवलेली ही संकरित द्राक्षं. अर्कावती म्हणजे ब्लॅक चंपा आणि थॉमसन. अर्का श्याम म्हणजे बंगळुरू ब्लू आणि ब्लॅक चंपा. भारतीय प्रयोगशाळेत जन्मलेली आणि प्रत्यक्ष बाटलीत गेलेली इतकी थोडी द्राक्षं आहेत की इंडेजचं श्रेय इथे मोकळेपणाने द्यायला हवं. त्यांच्या लाल-पांढऱ्या साध्या वाइन सगळ्याच चांगल्या होत्या असं नाही. पण परदेशी आणि देशी द्राक्ष एका पिंपात घालायची हिंमत त्यांनी दाखवली. बारामतीजवळ पिंपळीला बारामती ग्रेप इंडस्ट्रीजने इटलीच्या ‘बोस्का’ नावाने वाइन काढली, तेही याच मालिकेतलं.

इंडेज पुढे फार वेगाने फुगली, परदेशांत कंपन्या विकत घेतल्या, आणि २००८ च्या मंदीनंतर कर्जाखाली कोसळली. तिच्याबरोबर अर्कावतीचं नावही बाटलीवरून गेलं.

दुसरा देशी प्रयत्न तर थेट पुण्यातला. महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी ही १९४६ ची संस्था, जी १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, तिने कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांचा संकर करून ‘एआरआय ५१६’ ही जात घडवली. कॅटॉबा अमेरिकेतली, वेगळ्याच प्रजातीच्या रक्ताची. तिच्यामुळे बुरशीच्या रोगांना तोंड द्यायची ताकद आली आणि एक खास, दडपून न जाणारा वास आला. रस भरपूर, ११० ते १२० दिवसांत तयार. रस, बेदाणा, जॅम आणि लाल वाइन, सगळ्याला चालते असं संस्था सांगते. २०२० साली केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने तिची जाहिरात करणारं पत्रकही काढलं. संस्थेचं प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळ इथे आहे. रोटी घाटापासून फार दूर नाही. कॅटॉबाचा तो वास युरोपीय वाइनवर जीभ घडलेल्या माणसाला खटकतो, हे मान्य. पण बंगळुरू ब्लूचा त्याच कुळीतला वास गोव्याच्या पोर्ट वाइनमध्ये पिढ्यान् पिढ्या लोक आवडीने पितात. खटकणं हा सवयीचा भाग आहे.

पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंडच्या वाटेवर मांजरी लागते. तिथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं. त्यांची ‘मांजरी मेडिका’ ही जात पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेसच्या संकरातून आली. तिचा गरसुद्धा लाल आहे, एरवी द्राक्षाचा रंग फक्त सालीत असतो. ती रसासाठी काढली. खुंटाच्या कामातही या भागाने पुष्कळ शिकून घेतलं : क्षारांच्या आणि दुष्काळाच्या जमिनीत डॉगरिज, ११० आर असे अमेरिकी कुळीचे खुंट लावून त्यावर हव्या त्या जातीचं कलम. म्हणजे रोटीच्या बागेत वर फ्रेंच वेल असली तरी मातीत अमेरिकन मूळ असतं. वंशावळ काढायला बसलं की शुद्ध काही उरत नाही.

२००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. वाइनला अबकारी शुल्कात सूट मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. दोन्हीतला एकही पुणे जिल्ह्यात नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं. नाशिकला राजीव सामंतांच्या सुलाने शेनिन ब्लाँ आणि झिनफंडेल आधीच रुजवलं होतं. यूबीने दौंडची जागा निवडली तेव्हा तीच यादी थोडी वाढवून घेतली. योगायोग असा की २००६ मध्येच यूबीने फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातली सोम्यूरची ‘बुव्हे-लादुबे’ ही जुनी वायनरी विकत घेतली होती. लोआर म्हणजे शेनिन ब्लाँचं माहेर. काही वर्षं माहेर आणि सासर एकाच मालकाच्या हातात होतं. मग मल्ल्यांचा डोलारा ढासळला. युनायटेड स्पिरिट्स डियाजिओकडे गेली, बुव्हे-लादुबे २०१५ मध्ये जुन्या फ्रेंच कुटुंबाकडे परतली, आणि २०१८-१९ मध्ये रोटीची वायनरी ग्रोवर झाम्पाच्या गोटात आली.

आता त्या यादीतल्या दोन अनोळखी पाहुण्यांविषयी थोडं, कारण त्यांच्या कथेत आपल्याला घेण्यासारखं आहे. व्हिओनिए हे पांढरं द्राक्ष फ्रान्सच्या ऱ्होन नदीकाठी काँद्रिय नावाच्या गावाभोवती उरलं होतं. १९६० च्या दशकात त्याची लागवड मोजक्या हेक्टरांवर आली होती. कमी धरतं, रोगाला नाजूक, परवडत नाही. गावातल्या चार-दोन हट्टी लोकांनी ते सोडलं नाही, आणि त्यांनी ठेवलेल्या काड्यांवरून ते जगभर गेलं, दौंडपर्यंत. झिनफंडेलची गोष्ट उलटी. कॅलिफोर्नियावाले त्याला शंभर वर्षं आपलं म्हणत होते. २००१ मध्ये कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियातले इव्हान पेयिच यांनी डीएनए ताडून पाहिलं, तेव्हा क्रोएशियाच्या किनाऱ्यावर काश्तेल नोव्ही गावात उरलेल्या थोड्या म्हाताऱ्या वेली म्हणजेच झिनफंडेल, हे सिद्ध झालं. त्या वेली कोणी उपटल्या असत्या तर वंशावळ कदाचित तुटलीच राहिली असती. पांढरी साहेबी आणि चीमा साहेबीकडे या नजरेने बघावं असं मला वाटतं.

रोटीची चव? शेनिन इथे बरं जमतं. लोआरसारखा धारदार आंबटपणा नाही. पेरू आणि पिकल्या खरबुजाकडे झुकणारी, मोकळी वाइन. आपल्या जेवणातल्या तिखटाला ती तोंड देते. व्हिओनिएला जर्दाळूचा आणि पांढऱ्या फुलांचा वास येतो, पण उन्हाने त्यात दारूचा कडकपणा लवकर चढतो. चांगल्या वर्षात ती मला सगळ्यांत आवडते. सोव्हिन्यों ब्लाँ हे थंड हवेचं द्राक्ष, त्याला दौंडमध्ये हट्टाने का लावावं कळत नाही. शिराझ चांगलं, मिरपुडीसारखी चव उतरते. लाल वाइन ‘घरातल्या तापमानाला’ प्यावी हे युरोपातल्या पुस्तकातलं वाक्य इथे लागू करू नये. दौंडच्या एप्रिलमधलं घर चाळीसच्या वर जातं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी.

पालखीचा रस्ता पुढे धरला तर बारामती, इंदापूर ओलांडून अकलूज येतं. माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला २००७ पासून फ्रातेल्ली वायनरीचे मळे आहेत. इटलीच्या दोन भावांनी, दिल्लीच्या दोन भावांनी आणि अकलूजच्या मोहिते-पाटलांनी मिळून ते उभे केले. त्यांनी तुस्कनीचं सांजोव्हेजे भारतात पहिल्यांदा रुजवलं. निफाडच्या रेव्हेलो वायनरीने सिसिलीचं ग्रिलो आणि नेरो दाव्होला लावलं. उष्ण बेटावरची ही द्राक्षं आपल्या उन्हाला बोर्दोपेक्षा जवळची, ही निवड मला शहाणपणाची वाटते. अनोळखी वाइन चाखायची हौस असलेल्या माणसाला पुणे, सोलापूर, नाशिक एवढ्यात वर्षभर पुरेल इतकं आहे.

धंदा मात्र डळमळीत राहिला. २००८-०९ मध्ये माल पडून राहिला, पैसे अडकले, आणि राज्यात अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटल्या. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शिरूरची हद्द संपून पारनेर सुरू होतं तिथून राळेगणसिद्धी जवळच. तिथल्या अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आला नाही. वाइनला शेतमाल म्हणावं की दारू, हा वाद इथे मिटणारा नाही आणि मला तो मिटवायचाही नाही. मात्र दोन्ही बाजू बोलतात ते दुकानाबद्दल. वेलीबद्दल कोणी बोलत नाही.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. दौंडच्या वाइनला ते नाही, आणि सात परदेशी जातींच्या जोरावर ते मागणं अवघडही जाईल. तेव्हा वायनरीचालकांना एवढंच सांगणं आहे : होळ आणि मांजरी तुमच्या शेजारी आहेत. तिथून ५१६ च्या, आणि संग्रहात असेल तर चीमा साहेबीच्या, काड्या आणा, दोन-चार एकर लावा, थोड्याच बाटल्या भरा, आणि पुढच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत छापा : रोटी, तालुका दौंड. पहिली खेप बिघडली तरी चालेल, विकत घेणारे आम्ही आहोत.